अरुणा सिस्टरांचे पाच दिवस

अरुणा सिस्टरांना माहीत होतं, पाचव्या दिवशी ताप येणार.

आज त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आज लिहितेच.

कोविडच्या त्या पहिल्या उन्हाळ्यात मी सोलापुरात नवी नर्स होते. पीपीई किट कसा घालायचा, कसा काढायचा, हे त्यांनीच शिकवलं. नाव लक्षात राहीना म्हणून मला गावावरूनच हाक मारायच्या. "ए वैराग, मास्क सगळ्यात शेवटी काढायचा. आधी हात धू."

एका दुपारी विणकर वस्तीतली एक म्हातारी ऑक्सिजन लावूच देईना. आम्हाला बघून तेलुगूत ओरडत होती. सिस्टरांचं माहेरही तेलुगू.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, यांना तोंडं नाहीत. ही माणसं नव्हेत."

आणि सिस्टरांनी शील्ड वर केली. मास्क खाली ओढला.

मिनिटभर.

म्हातारी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग गप पडून राहिली, ऑक्सिजन लावू दिला. पुढे ती बरी होऊन घरी गेली.

बाहेर आल्यावर सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आज पहिला दिवस धर. पाचव्याला ताप येईल."

त्या घरी गेल्याच नाहीत. हॉस्टेलच्या रिकाम्या खोलीत राहिल्या. घरी सासू, नवरा, दोन मुली.

दुसऱ्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह. मी खूश.

"आज निगेटिव्हच येणार की. इतक्यात कळत नाही."

पाचव्या दिवशी ड्युटीवरून उतरले, फोन बघितला. त्यांचा एकच शब्द होता.

"आला."



नंतर त्या आमच्याच वॉर्डात पेशंट होत्या. बेडवर बसून गप्पा मारायच्या, हसायच्या. एका सकाळी बोटाला लावलेलं मशीन माझ्यासमोर धरलं. ऑक्सिजनचा आकडा बघून मी डॉक्टरांना हाक मारायला वळले.

"घाबरू नको, बघून ठेव. आकडा एवढा खाली, आणि मला दम लागत नाही. असला पेशंट चालत फिरतो. त्याला घरी सोडायचं नाही."

स्वतःच्या बोटावर त्या मला शिकवत होत्या.

मग म्हणाल्या, "उद्या मला बोलता येणार नाही. काय विचारायचंय ते आज विचार."

मला एकच सुचलं. "सिस्टर, भीती वाटते?"

"लई वाटते. तुला काय वाटलं, शिकलेल्याला वाटत नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घशात श्वासाची नळी घातली. तिसऱ्या दिवशी गेल्या.

घरात एकालाही लागण झाली नाही. एकालाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही किटवर छातीशी आपापले फोटो चिकटवायला लागलो. पेशंटला तोंड दिसावं म्हणून.

इतकी साधी गोष्ट. आधी कुणालाच सुचली नाही.

सिस्टर, मनापासून श्रद्धांजली. तुमच्या मुली मोठ्या झाल्यात, बऱ्या आहेत.