दहापैकी सात

"सात वाले ऐसे सीधे नहीं बैठते."

डॉक्टर हसून म्हणाले. माझ्याकडे न बघता. माझ्या नवऱ्याकडे बघून.

सरकारी दवाखान्याची खोली. दार उघडं. माझ्या खुर्चीला टेकून पुढच्या नंबरचे दोघे पुरुष उभे. आत जाणाऱ्याच्या पाठोपाठ घुसायचं, नाहीतर नंबर जातो, ही इथली रीत. डॉक्टरांनी विचारलं होतं, "दर्द कितना है? दस में से?" मी विचार करून सात सांगितलं. मी घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. आकडा विचारला की खरा सांगते. लेकीच्या वेळच्या बाळंतकळांना मी नऊ दिले असते. दहा मी अजून पाहिलेला नाही. म्हणून सात.

"सर, मैडम को थोड़ा बिज़ी रखिए. घर बैठे-बैठे ध्यान वहीं जाता है."

खुर्चीमागचा एक जण फिस्सकन हसला. नवराही हसला. ऑफिसात साहेबाच्या विनोदावर हसतो, तसा. "बिल्कुल सर," म्हणाला. डॉक्टरांनी पुन्हा गॅसच्या गोळ्या लिहिल्या.

बाहेर बाकावर एक हरियाणवी म्हातारी बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "बावली है के?" ती म्हणाली. "दस बोल्या कर. सात ने कौण पूछै सै?"

तिचं बरोबर होतं. तरी मला दहा म्हणायचं नव्हतं. माझा आकडा खरा होता. खोटा होता तो शब्द.

मी "पेट में दर्द" म्हणत होते. वर्षानुवर्षं. दुखत होतं ओटीपोटात, खोल. पाळीत संडासला बसलं की कळ मागेपर्यंत जायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवरा जवळ आला की आत सुरी फिरायची. पण वयात आले तेव्हा आईने शिकवलं होतं, पुरुषमाणसांपुढे "पोट दुखतंय" म्हणावं. गणपतीच्या आरतीला का आली नाही? पोट दुखतंय. शाळा का बुडवली? पोट दुखतंय. लग्न होऊन दिल्लीला आले, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार मांडला, तेव्हा तीच सभ्यता हिंदीत बोलू लागले. "पेट में कहाँ?" हे एकाही डॉक्टरने विचारलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी लेक पलंगावरून उठेना. अकरावीत आहे. पाय पोटाशी घेतलेले, चेहरा पांढरा.

"आई, आज स्कूल नको. पोट दुखतंय."

"कुठे?"

तिने बापाकडे पाहिलं. तो बुटांच्या नाड्या बांधत होता. "कुठे काय. पोट, बस."

दिल्लीत वाढलेली माझी लेक. तिला परसदार माहीत नाही, फडताळ माहीत नाही. ओटीपोट हा शब्दही तिने कधी ऐकलेला नव्हता. कितीतरी मराठी वाटेत गळून गेली. हे एवढं मात्र न चुकता तिच्यापर्यंत पोचलं होतं.

मी दुसऱ्याच दिवशी पुन्हा दवाखान्यात गेले. नंबर आला तसा नवरा उठला.

"अहो, तुम्ही बाहेर बसा."

"अगं, दवाखान्याचं कार्ड माझ्या नावावर आहे."

"दुखणं माझं आहे."

तो बसला. मी आत गेले. पाठोपाठ पुढचे दोघे.

"सर नहीं आए?" डॉक्टर म्हणाले.

"नहीं. मरीज़ मैं हूँ. दरवाज़ा बंद करवाइए."

"मैडम, भीड़ देख रही हैं आप?"

"तो फिर सबके सामने बताती हूँ."

आणि सांगितलं. पाळी. संडास. नवऱ्याजवळ झोपणं. एकेक नाव घेऊन, हात ओटीपोटावर ठेवून. मध्ये थांबले नाही. मागचा एक जण बाहेर निघून गेला. दुसरा भिंतीकडे बघत राहिला.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "पहले क्यों नहीं बताया?"

"आपने पूछा नहीं. आप हँस रहे थे."

ते हसले नाहीत. "और दर्द...?"

"सात. उस दिन भी सात था."

त्यांनी मान खाली घालून मोठ्या हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागासाठी चिठ्ठी लिहिली. माफी मागितली नाही. तिथे एमआरआय झालं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढलंय, आतडं गर्भाशयाला चिकटलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे एका वर्षात वाढलेलं नव्हे. गोळ्यांनी आटोक्यात राहील, कदाचित ऑपरेशन लागेल. पूर्ण बरं होईल असं त्यांनी सांगितलं नाही. मीही तसं समजत नाही. गेलेल्या वर्षांचं मला कोणी काही देणं लागत असेल, तर ते फिटणारं नाही.

लेकीला मी शब्द शिकवला. जेवताना, बापासमोर, तिच्याच हाताने जागा दाखवायला लावून. ओटीपोट. नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही. मी म्हटलं, "तुम्हीही ऐका." आता माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे तिची तपासणी आहे. बोलणार ती स्वतः. मी शेजारी बसणार, गप्प.

आज माझं दुखणं पाच आहे. पाचला मी पाचच म्हणेन. ऐकणाऱ्याला ते कमी वाटलं, तर मी खुर्चीवरून उठणार नाही. मागे कितीही जण उभे असोत.