पेनड्राइव्हवरचं गणगोत

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या चादरींच्या कारखान्यात डिझाइनच्या कॉम्प्युटरला इंटरनेट देत नाहीत. नक्षी बाहेर जाईल, अशी मालकांची पक्की समजूत. त्यावर लिनक्स मी घातलेलं, त्यामुळे त्याची सगळी दुखणीखुपणी माझ्याच गळ्यात.

एक दिवस डिझाइन मास्तरांनी सांगितलं, की हा महिना झाला की आपण यायचं थांबवणार. त्यांना पडद्यावरचे चौकोन दिसेनासे झाले होते, आणि चादरीची नक्षी म्हणजे सगळा चौकोनांचाच कारभार. मला फार वाईट वाटलं. हे काम मला त्यांनीच शिकवलं होतं. डिझाइनच्या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीत चौकोन हवा तेवढा मोठा करता येतो, असं मी वाचलं होतं. उद्याच आणते, असं ऐटीत सांगून टाकलं.

घरून पेनड्राइव्हवर आणली, तर कॉम्प्युटर म्हणतो हिच्यासोबत आणखी दोन पॅकेजं, म्हणजे जोडीचे छोटे प्रोग्रॅम, लागतील. दुसऱ्या दिवशी ती नेली. त्या दोघांना आणखी पाच हवी होती. तिसऱ्या दिवशी त्या पाचांनीही मागण्या काढल्यावर मी कॉम्प्युटरला चार शब्द सुनावले.

मास्तर शेजारी शांतपणे चहा पीत होते. म्हणाले, "पत्रिकेवर सहकुटुंब लिहायचं इसरलीस की. घरात कोण कोण हाय ते आदी इचारावं, मग आमंत्रण द्यावं."

मी हसले, पण ते डोक्यात बसलं. तशी सोय खरंच होती, मीच घाईत तिच्याकडे पाहिलं नव्हतं. कारखान्यातल्या कॉम्प्युटरकडून काय आहे नि काय हवं याची यादी पेनड्राइव्हवर घेतली, घरच्या लॅपटॉपला दिली, आणि त्याने सगळं गणगोत एकदम उतरवून घेतलं. चौथ्या दिवशी कुणीही रुसलं नाही.

मास्तरांनी आपली सगळ्यात खपाची जुनी नक्षी उघडली आणि मोठी करत गेले. चौकोन बिस्किटाएवढे झाले. एका पानाच्या टोकाशी ते थांबले. तिथे एक चौकोन चुकून भरला गेला होता. मग खांदे हलवत हसायला लागले.

"माजी ही चूक पांगरून किती लोक झोपले असतील गं."

चूक दुरुस्त करून त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"जुन्या सगळ्या नक्ष्या काढ. एका महिन्यात उरकायचं न्हाय हे."