खुनी मलकपेठेत ठरायचा

हातातल्या बांगड्या काकूंनी कोपराकडे सारल्या की समजायचं, आता खुनी सापडणार. भाजी निवडताना नाही, कणीक मळताना नाही, फक्त गोष्टीचा शेवट आला की बांगड्या वर. मलकपेठेत आमच्या समोरच्याच दारात राहायच्या त्या. आता त्या दाराला कुलूप आहे आणि मी येता-जाता तिकडे बघायचं टाळते.

गोष्टी कसल्या म्हणाल, तर इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या खुनांच्या. सगळ्या इंग्रजी कादंबऱ्या. काकू जामबागेतल्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायच्या आणि रोज दुपारी चहाच्या आधी काकांना एकेक प्रकरण मराठीतून सांगायच्या. सुरुवात ठरलेली, "चारमिनारचा चुना ओला होता, तेव्हाची गोष्ट." तिकडे राणी आणि इकडे चारमिनार एकाच काळातले, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की माझ्या मुलीलाही पाठ झालं.

लंडनचे सरदार शुद्ध मराठी बोलायचे. चोर-भामटे मात्र अस्सल दखनी. "मैं कायकू मारतूं हुजूर, मैं तो घोड़े कू पानी पिला रा था," असं राणीच्या पागेतला मोतद्दार गयावया करत म्हणायचा. राणीचा वैद्य म्हणजे हकीमसाब. मी काहीतरी निमित्त काढून जायची, कधी वाटी परत द्यायला, कधी विरजण मागायला, आणि प्रकरण संपेपर्यंत हलायची नाही.

काकांचे डोळे ऐन नोकरीत काचबिंदूनं गेले. त्यानंतर कित्येक महिने हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसून होता. जेवा म्हटलं तर जेवायचा, नाही म्हटलं तर तसाच. तेव्हा काकूंनी ही पुस्तकं काढली. शेवटच्या प्रकरणाआधी काकांनी खुनी ओळखायचा, असा नियम होता. आणि काका दरवेळी बरोबर निघायचे. "पोलिसात जायचं सोडून कचेरीत खर्डेघाशी कशाला केलीत हो?" काकू म्हणायच्या. काका मिशीतल्या मिशीत हसायचे.

एकदा त्यांचं सांगून झालेलं एक पुस्तक मी घरी आणलं. माझं इंग्रजी बेताचंच, पण नेट धरून शेवटपर्यंत गेले. बघते तर खुनी भलताच. काकूंनी मोतद्दाराला फासावर चढवलं होतं आणि पुस्तकात तर तो सुटून लग्नसुद्धा करतो. मी तशीच पुस्तक घेऊन समोर गेले. तोंड उघडायच्या आत त्यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"हळू बोल. त्यांना कान आहेत."

"दरवेळी असंच करता?"

"दरवेळी. ते ज्याचं नाव घेतील तो खुनी. मग मला बसून सगळे धागे जुळवावे लागतात. डोक्याला ताप मेला."

"आणि त्या लेखकानं एवढं डोकं लढवलं ते?"

"त्याचं कौतुक करायला त्याची बायको असेल. मला माझा नवरा आहे." मग उगाच ओटा पुसत म्हणाल्या, "डोळे गेले, नोकरी गेली, स्कूटर विकली. रस्ता ओलांडायला माझा हात लागतो. एक गोष्ट तरी त्यांना बरोबर यायला नको का गं?"

तुम्ही म्हणाल, फसवणूकच ही. असू दे. राणीच्या राज्यात फाशी कुणाला द्यायची ते मलकपेठेत ठरत होतं, आणि मला ते मनापासून पटलं होतं. मी कुठे बोलले नाही.

या उन्हाळ्यात काकू गेल्या. सकाळी दूध तापवताना खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मुलगा बंगळूरहून आला. तेरावा झाला, वडिलांना सोबत न्यायचं ठरलं. काका मात्र कोरडेच. लोक भेटायला यायचे, ते नुसती मान हलवायचे. डोळ्यांतून टिपूस नाही. मला त्याचीच भीती वाटायची.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "एका पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय. मी हकीमसाबचं नाव घेतलंय. वाचतेस?"

पुस्तक उशाशीच होतं. मी आधी मनातल्या मनात वाचून काढलं. हकीम बिचारा निर्दोष होता. विष घातलं होतं मेलेल्याच्या सख्ख्या बहिणीनं. मी घसा साफ केला, काकूंना आठवलं आणि जमेल तसं हकीमसाबला पकडून दिलं. विषाची कुपी त्याच्याच पेटीत निघाली, वगैरे.

काका शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिनं तुलाही शिकवून ठेवलं होतं का?"

मी पुस्तक मिटलं.

"लग्न झालं तेव्हा माझ्या आईला देवळात जातो सांगून ती माझ्याबरोबर सिनेमाला यायची. खोटं बोलायच्या आधी बांगड्या मागे सारायची, ती तेव्हापासून. पहिल्याच पुस्तकाला ऐकू आल्या मला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी जिंकलो की किती खूश व्हायची गं ती. त्या दिवशी शिरा असायचा. मग जिंकत गेलो. आता छापलंय ते वाच."

मी वाचलं, जसं होतं तसं. बहिणीचं नाव आलं. काकांनी हात पुढे करून माझं मनगट चाचपलं. माझ्या हातात बांगड्या नसतात, नुसतं घड्याळ असतं. त्यांनी हात मागे घेतला.

"म्हणजे हरलो," ते म्हणाले, आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदा रडले.