रस्त्यापलीकडचे वाचनालय

महामार्गालगत घर असले की धूळ आपोआप साठते. सकाळी पुसावी, दुपारी पुन्हा हजर! येरमाळ्याच्या माझ्या ओसरीवर पुण्याचे किस्से असेच साठत गेले. कुणी मुद्दाम गोळा केले नाहीत. आम्ही चौघी दुपारी चारला धान्य निवडायला बसतो. चौघींचीही मुले पुण्याला. तेही पुण्याच्या त्या टोकाला, जिथे कालपरवापर्यंत उसाचे फड होते आणि आज वीस-वीस मजले आहेत. महिनाभर तिकडे राहून येणारी बाई रिकाम्या हाताने परत येत नाही.

ओसरी माझी, म्हणून नियमही माझा : आधी घडले ते सांगायचे, रडायचे नंतर. मी जुनी मॅट्रिक. तिखटमीठ लावलेली हकिगत मला खपत नाही.

यंदा तर या हकिगती मी पुन्हा सांगायला लावून, फारच कान देऊन ऐकल्या. दसऱ्याला माझ्या मुलाने, प्रशांतने, निर्वाणीचे विचारले होते, "आई, दिवाळीपर्यंत सांग. या घराला कुलूप लावून कायमची येतेस की नाही?"

*

न्यायाने बोलायचे तर पुण्याचे उपकार आधी सांगायला हवेत.

कमलबाईंचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. उंबरठा ओलांडताना त्या चौकटीला लोंबकळत. मुलाने पुण्याला नेऊन दोन्ही गुडघे नवे बसवले. डॉक्टर हुशार, नर्सबाई प्रेमळ, घरात लिफ्ट, नळाला चोवीस तास पाणी. नाव ठेवायला जागा नाही.

डॉक्टरांनी सांगितले, रोज अर्धा तास चालायचे. पण चालायचे कुठे? फाटकाबाहेर पाऊल टाकावे तर फुटपाथवर मोटारी उभ्या, आणि रस्त्यावरच्या मोटारी कुणासाठीच उभ्या राहत नाहीत! शेवटी सुनेने तोडगा काढला : तळघरातल्या पार्किंगमध्ये चाला. तिथल्या खांबांना नंबर असतात. कमलबाई रोज एक नंबरपासून चाळीस नंबरपर्यंत जात आणि परत येत.

त्या परतल्यावर मी विचारले, "कसे आहेत गुडघे?"

"गुडघे झकास हायत, अक्का," त्या म्हणाल्या. "फकस्त त्यान्नी अजून ऊन न्हाय बघितलं!"

*

गोदावरीबाईंचे आयुष्य मेंढरांमागे हिंडण्यात गेले. अशा बाईला बाराव्या मजल्यावर नेऊन ठेवणे म्हणजे काय, ते तिच्या मुलाला कळायला हवे होते. तो साहेब झाल्यामुळे कळले नसावे.

त्या रोज उठून खाली फाटकापाशी जाऊन बसत. अक्षरओळख नाही, आकडे मात्र पक्के. गाड्यांवर लिहिलेला पंचवीसचा आकडा आपल्या जिल्ह्याचा, एवढे त्यांना ठाऊक होते. पंचवीसची गाडी दिसली की त्या हात वर करीत. आपल्याकडे एसटीला हात करतो, तसा. एसटी थांबते. तिथे अकरा दिवस कुणी थांबले नाही.

बाराव्या दिवशी एक पांढरी जीप कचकन थांबली. आतल्या माणसाने काच खाली केली. "कुठलं गाव म्हणायचं, मावशी?"

"येरमाळा!"

"आमी तेरखेड्याचं की! बसा, चहा घिऊ."

गोदावरीबाई बसल्या! तासाभराने त्याने त्यांना होत्या तिथे आणून सोडले. तोवर मुलगा ऑफिस सोडून आला होता, सून रडत होती आणि वॉचमनची झडती चालली होती.

"आये, अनोळखी माणसाच्या गाडीत बसलीस?"

"अनोळखी कशाचा? पंचवीसचा होता की!"

आम्ही तिघी पदर तोंडाला लावून हसलो. गोदावरीबाई हसल्या नाहीत. सुपातला खडा बाजूला काढत म्हणाल्या, "दोन म्हयन्यात तेवढ्या एकानंच मला गाव इचारलं."

*

सुलोचनाबाईंचे माहेर तुळजापूरच्या पुजारी घराण्यातले. रीतभात म्हणजे रीतभात. पुण्यात त्यांची पहिलीच संक्रांत. हळदीकुंकवाचे आमंत्रण फोनवरून द्यायचे त्यांच्या मनालाही शिवले नाही. इरकली नेसल्या, हातात करंडा घेतला आणि मजल्या-मजल्यावर दारे वाजवीत निघाल्या.

दारे उघडली नाहीत. घरातली माणसे नोकरीवर किंवा नोकरीच्या वाटेवर! मात्र तिथल्या बेलमध्येच कॅमेरा असतो, हे सुलोचनाबाईंना कुणी सांगितले नव्हते. त्या प्रत्येक बंद दाराकडे पाहून अदबीने हसल्या आणि पुढे गेल्या.

दुपारपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांचा फोटो झळकला. खाली मजकूर : 'ही बाई बेल वाजवत फिरते आहे. सिक्युरिटीने ताबडतोब बंदोबस्त करावा.'

सूचनेला भराभर अंगठे आले. पहिला अंगठा त्यांच्या मुलाचा होता!

सिग्नलला अडकला होता म्हणे. फोटो न उघडताच दाबला.

*

हे सगळे ऐकून मी प्रशांतला कळवले की, मी दहा दिवस येते आणि स्वतः पाहून उत्तर देते. ऐकीव पुराव्यावर निकाल देणे मला पसंत नाही.

सूनबाई चांगली आहे. तिने माझ्यासाठी वेगळे ताट, वेगळी उशी, सारे केले. प्रशांत सकाळी आठला माझ्या सात वर्षांच्या नातीला, ओवीला, गाडीत घालून निघतो. तिला शाळेत सोडतो आणि पुढे जातो. परततो तोवर ती जेवून पेंगत असते. बापलेकीची भेट काय ती गाडीत.

ओवीला शाळेतून 'माझे बाबा' असे चित्र काढायला सांगितले होते. तिने मला वही दाखवली. एक मोठे काळे डोके, पाठमोरे. त्याच्या वर एक लांबट चौकोन आणि चौकोनात दोन डोळे.

मी म्हटले, "ओवी, बाबांचे तोंड राहिले की गं."

"आजी, तोंड पुढे असतं ना! मला आरशात डोळेच दिसतात."

प्रशांतने ते चित्र पाहिले. "छान काढलंय," म्हणाला, आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

*

आता माझी अट.

येरमाळ्यात मी रोज सकाळी पायी वाचनालयात जाते, दोन वर्तमानपत्रे वाचते आणि परत येते. कुणाला विचारावे लागत नाही, कुणाला सांगावे लागत नाही. प्रशांतच्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतून रस्त्यापलीकडे एक वाचनालय दिसते. पाटीवरची अक्षरेसुद्धा वाचता येतात. मी त्याला सांगितले, "मी एकटी, माझ्या पायांनी तिथे जाऊन परत आले, की कायमची आले म्हणून समज."

प्रशांत मोकळेपणाने हसला. "आई, एवढंच? समोर तर आहे!"

तीन सकाळी मी छत्री घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले. येणाऱ्या चार रांगा, मध्ये लोखंडी कठडा, पलीकडे जाणाऱ्या चार रांगा. तिन्ही दिवशी तशीच वर आले.

रविवारी प्रशांत म्हणाला, "चल, मीच दाखवतो. वाट असणारच." सहा वर्षे तो तिथे राहतो आहे. त्या रस्त्यावर पायी तो प्रथमच उतरला!

आम्ही डावीकडे पंधरा मिनिटे चाललो. कठडा संपेना. उजवीकडे चाललो. संपेना. एकदा त्याने पाऊल पुढे टाकले आणि एवढ्या जोराने मागे आला की मीच त्याचे मनगट धरले. तो लहान असताना चैत्रात गावच्या येडाईच्या जत्रेत धरायची, तसे. त्याने ते सोडवून घेतले नाही.

शेवटी त्याने फोनवरून रिक्षा मागवली. रिक्षावाल्याने पत्ता पाहिला, समोर पाहिले, आमच्याकडे पाहिले.

"साहेब, हे तर समोरच दाखवतंय."

"समोरच जायचंय," प्रशांत म्हणाला.

रिक्षा वळणापर्यंत गेली, उड्डाणपुलाखाली तीन सिग्नल थांबली आणि तेवढेच अंतर परत आली. पोहोचलो तेव्हा तिथले ग्रंथपाल दाराला कुलूप घालत होते. "अकरा वाजले, आजी. आता संध्याकाळी पाचला."

मी मागे वळले. रस्त्यापलीकडे सातव्या मजल्यावर ओवी उभी होती. तिचा पिवळा फ्रॉक स्पष्ट दिसत होता. ती दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होती. मोटारींच्या आवाजात ऐकू येत नव्हते. प्रशांतनेही हात हलवला. बराच वेळ हलवत राहिला.

रिक्षावाला अजून थांबला होता. म्हणाला, "परत समोर सोडू ना?"

प्रशांत आधी आत बसला, त्याने मला हात देऊन वर घेतले, आणि तो रिक्षावाल्याला म्हणाला,

"आधी समोर घ्या. आईची पिशवी घ्यायचीय. मग एसटी स्टँडला."