काळ्या पानांचा हिरो

सुक्या बोंबलाचा वास आला की वर्सोव्याच्या बाजारातली ती सकाळ आठवते आणि डोकं फिरतं. आमच्या सुक्या मासळीच्या पुड्या बांधायला मी रद्दीवाल्याकडून चित्रांची पुस्तकं आणली होती, उडणाऱ्या हिरोंची. बायको ती वाचून हसत बसली, गिऱ्हाईक ताटकळलं. "अगं, बांध ना आधी." मग एक नवं पुस्तक निघालं, सगळी पानं काळीकुट्ट, ज्याची बायको मेलीय असा हिरो अंधारात थोबाड पाडून उभा. माझी बायको वैतागली. "हा जगाला काय वाचवणार? जेवतो तरी का? जुना बरा, मार खातानाही हसवायचा. मी गेल्यावर तुम्ही असे बसू नका." ती जाऊन वर्ष झालं. आज बोंबील करपवला, तरी ताट वाढून घेतलं. जेवतोय गं. हसायचं माझ्याच्यानं होत नाही, उगाच मागे लागू नकोस.