दारावर डकवलेलं समन्स

बेलिफ माझ्या दारावर कोर्टाचं समन्स डकवत होता आणि अण्णा रस्त्यात उभे राहून हसत होते. अख्खी गल्ली बघत होती.

"आता तो कागद दारासंगच उचल अन् निंघ," ते म्हणाले.

अण्णा म्हणजे आमच्या गावातले बडे शेतकरी. अमडापूरच्या बाजारात त्यांच्या शब्दाला वजन. माझा नवरा हयातभर त्यांच्याकडे सालदार होता. तो गेल्यावर मी या माणसाला नऊ वर्षं राखी बांधली. त्यानंच माझ्यावर दावा ठोकला. म्हणे घराची जागा त्याची, आम्हाला दयेनं राहू दिलं. ग्रामपंचायतीत जागा माझ्या सासऱ्याच्या नावावर आहे. कसली दया?

खरा दगा समन्स दारावर लागण्याच्या आधीच झाला होता. पोस्टमननं कोर्टाचं पाकीट आणलं तेव्हा मी घाबरून अण्णांकडेच धावले.

"वकिलानं उगाच टाकली ती केस, मी मांगं घेतो," ते म्हणाले. "तू फक्त कागद हाती धरू नको, ताई. घेतलाच नाही तं केस चालत नाही."

आमच्याकडे सगळे असंच समजतात. पाकीट परत केलं की बला टळली. मी पाकीट परत केलं. बेलिफालाही नाही म्हटलं. मग त्यानं समन्स दारावर डकवलं, आणि अण्णांचं हसू पाहून मला सगळं कळलं.

शरमेनं महिनाभर मी त्या कागदाला हात लावला नाही. मग काढला, वाचला, चिखलीचं कोर्ट गाठलं. तिथं सरकारकडून फुकट वकील मिळाली.

"नाही घेतलं तरी मिळालं असंच धरतात," वकीलबाई म्हणाल्या. "जबाबाचे तीस दिवस गेले. कैफियतीसोबत, म्हणजे लेखी जबाबासोबत, उशीरमाफीचा अर्ज देऊ."

त्यांनी लिहिलं: प्रतिवादी अडाणी असल्यामुळे उशीर झाला.

"खोडा ते," मी म्हटलं. "सातवी शिकली मी."

"असं लिहिलं का कोर्ट लवकर माफ करते, बाई."

"मले अडाणी म्हणून माफी नाही पाह्यजे. वादीनं सांगतलं कागद घेऊ नको, म्हणून नाही घेतला. त्याच्या नावानिशी लिहा."

त्यांनी लिहिलं. मी शब्दन् शब्द वाचून सही केली.

अर्जावर निकाल व्हायचा आहे. घर राहील की जाईल, ठाऊक नाही. पण एक दिवस त्या माणसाला पिंजऱ्यात उभं राहून, शपथेवर सांगावं लागेल की मी असं बोललोच नाही. मी समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघणार आहे.