चौथी गाडी

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एकतीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त करत होते. गल्लीत त्यांना सगळे मिस्त्री म्हणायचे. मावशीसुद्धा परक्या माणसासमोर ‘आमचे मिस्त्री’ असंच म्हणायची. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की ती कुणाची आणि तिचं काय दुखतंय, हे काका घरात बसून सांगायचे.

मग त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज आली. समोरच्या माणसाचे खांदे दिसत, कान दिसत, तोंडाच्या जागी मात्र नुसता धूसर डाग. “सगळेच मला चुकवायला लागलेत,” ते म्हणायचे. महिन्यातून एकदा डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, एकही तारीख चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इस्पितळ बावीस किलोमीटरवर. नंबराच्या चिठ्ठ्या सकाळी दहा वाजेपर्यंतच मिळत आणि पहिली बस पावणेअकराला पोचायची. शेजाऱ्याने आपल्या मोटारीतून तीनदा नेलं. चौथ्या वेळी त्याची सासू आजारी पडली, पाचव्या वेळी गाडी. दोन तारखा गेल्या.

त्यावर मावशी एकच वाक्य बोलली. “मी शिकते.”

मावशी घरीच कपडे अल्टर करते. पॅंट आखूड करायच्या, चेन बदलायची, वाढलेल्या पोटासाठी शिवण सोडायची. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. उंची चार फूट दहा इंच. विचारणाऱ्याला ती अकरा सांगते. त्या वेळी वय एकोणपन्नास. सायकल शाळेत असताना चालवलेली, तीही भावाची, तीही नळीखालून पाय घालून.

मी म्हटलं, “स्कूटर बघू या का? गिअर नकोत, काही नको.”

“स्कूटर म्हणजे चाकं लावलेली खुर्ची,” काका म्हणाले. “त्या रस्त्यावरच्या एकेका खड्ड्यात तिचं अख्खं चाक जाईल. मोटारसायकलच हवी. शंभर सीसी, वजन एकशेदहा किलोच्या आत, क्लच मऊ. शिकणाऱ्याला ताकद नको असते, क्षमा करणारी गाडी हवी असते. चूक झाली तरी झटका न देणारी.”

काकांनी स्वतःची थोरली गाडी विकली होती. त्या पैशांत नवी येत नव्हती, जुनी चांगली येत होती. म्हणून आम्ही तिघं जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेलो. दर वाक्याची सुरुवात तो ‘खरं सांगू का’ अशी करायचा, त्यामुळे त्याचं नावच खरंसांगू पडलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या बजेटातल्या चार गाड्या ओळीने उभ्या होत्या.

“खरं सांगू का मिस्त्री, पहिली घ्या. एका मास्तरांची आहे. शाळा आणि घर, घर आणि शाळा.”

“मास्तर शाळेत रोज पडत होते का?” काका म्हणाले. त्यांची बोटं हॅंडलवरून फिरत होती. “पुढच्या चाकाचा फोर्क वाकडा आहे.”

खरंसांगू हसला आणि त्याने दुसरीची किल्ली काढली.

काकांनी खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. प्रत्येक गाडी सुरू करायला लावायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला. डॉक्टर छाती तपासतात तसं. दुसरीला त्यांनी मान हलवली. तिसरीपाशी ते बराच वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा चेहरा बदललेला होता. डोळे बिघडल्यापासून मी तो चेहरा पाहिला नव्हता; मावशीनेही नसावा.

“ये, ऐक,” ते तिला म्हणाले. तिने मूठ कानाला लावली. तिला काय ऐकू आलं कोण जाणे. “चेनची टकटक नाही, व्हॉल्व्हची किरकिर नाही. हिच्या मालकाने वेळच्या वेळी तेल बदललंय. असं इंजिन नशिबाने मिळतं गं.”

“छान आहे,” मावशी म्हणाली.

काका व्यवहाराचं बोलायला लागले तेव्हा ती हळूच चौथ्या गाडीवर बसली. ती लाल आणि पोचे आलेली होती, सीट चपटी आणि अरुंद. मावशीच्या दोन्ही चपला सपाट जमिनीवर टेकल्या. ती तशीच बसून राहिली, जरा पुढेमागे झाली. मग माझ्याकडे बघून एकदाच हसली.

“ती चौथी खोकते,” काका लांबून म्हणाले. “तिच्या नादी लागू नका.”

मावशी उतरली आणि तिसरीवर बसली. डाव्या पायाचा चवडा कसाबसा लागला, उजवा हवेत. मी तोंड उघडलं तशी तिने डोळ्यांनीच मला दटावलं.

तिसरी ठरवून घरी येताना मी विचारलं, “बोलली का नाहीस?”

“त्यांचं तोंड बघितलंस ना?” ती म्हणाली. “कशाला मोडू?”

शिकायला बंद पडलेल्या गोदामामागचं मैदान होतं. काका भिंतीवर बसायचे आणि ऐकायचे. “आता दुसरा टाक. रडवू नकोस तिला. तिसरा.” आठवड्याभरात मावशी सरळ जायला लागली, पंधरवड्यात वळायला. चालवणं जमलं. थांबणं जमेना. थांबली की गाडी एका बाजूला कलायची आणि तिथे पाय पोचायचा नाही. खाली जाणारी गाडी धरायचा ती प्रयत्न करायची, आणि मग दोघी बरोबरच आडव्या व्हायच्या.

“काय पडलं?” भिंतीवरून आवाज यायचा.

“डबा.”

“एकशेदहा किलोचा डबा?” मग थोड्या वेळाने, “दोन्ही पाय टेक ना. गाडी उभी राहिली की आधी पाय.”

“टेकते हो.”

कोपरं सोलली, गुडघा काळानिळा झाला. ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लागली. काकांना तसंही दिसलं नसतं. सवयीने लपवत होती.

पुढची तारीख गुरुवारची होती. शिकाऊ लायसन्सवर मागे कुणाला बसवता येत नाही, म्हणून पक्क्या लायसन्सची परीक्षा मंगळवारी ठरवली. जमिनीवर आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावरून पाय न टेकवता गाडी न्यायची. तिच्या आधीच्या दोन धिप्पाड मुलांनी पाय टेकवले आणि नापास झाली. मावशी अख्खा आकडा फिरून आली.

“बाईंकडून शिका,” परीक्षा घेणारे साहेब त्या मुलांना म्हणाले. “एकदाही पाय टेकला नाही.”

“टेकायला पोचायला तर हवा,” मावशी पुटपुटली. साहेबांनी शिक्का मारला.

पण गुरुवारी मागे पासष्ट किलोचा माणूस असणार होता, आणि त्याला पडताना जमीन दिसणार नव्हती. म्हणून मंगळवारीच दुपारी, काका आत झोपलेले असताना, तिने सीट सोडवून मांडीवर घेतली. रेक्झिन उसवलं. मापं घेतली, खडूने खूण केली आणि पाव कापायच्या सुरीने पुढच्या भागातला फोम पातळ-पातळ कापत गेली. नुसता वरून नाही, दोन्ही बाजूंनीही. “माप घेताना माणसं उंचीच सांगतात,” ती मला म्हणाली, “घेर कुणी सांगत नाही. जाड सीट म्हणजे पाय आणखी फाकणार, आणखी आखूड होणार.” मशीनच्या दोन सुया मोडल्या. उरलेली शिवण तिने दाभणाने हाताने घातली.

रोज सकाळी काका हाताने चाचपत गाडी पुसायचे. बुधवारी फडकं टाकीवरून सीटवर आलं आणि थांबलं. मी दारात उभी होते. मावशी टाचण्यांचा डबा घेऊन आत जायला निघाली होती, तीही थांबली.

“इथे काय झालं?”

“अल्टर केलं.”

“किती?”

“दीड इंच.”

त्यांचा अंगठा शिवणीवरून टाक्या-टाक्याने पुढे गेला, परत आला. “आधी टेकत नव्हते पाय?”

मावशीने टाचण्यांचा डबा खाली ठेवला.

“आणि चौथीवर?”

“दोन्ही. सपाट.”

“मी सगळं विचारलं,” काका म्हणाले. “उंचीच विचारली नाही.”

“ती खोकत होती ना.”

“खोकला मी काढला असता.”

मग ते फडकं झटकायला लागले. त्यांनी इंजिन उघडल्याला वर्ष होऊन गेलं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारचं मावशीने मला नंतर, टप्प्याटप्प्याने सांगितलं. सातला निघाले. काका मागून गिअर सांगत होते, मागच्या ट्रकचा आवाज ओळखून ‘डावीकडे हो’ म्हणत होते. रेल्वे फाटकाशी पहिल्यांदा थांबायची वेळ आली तेव्हा तिने पडायच्या तयारीने कोपरं अंगाशी घेतली. पण काकांच्या वजनाने गाडी आणखी बसली होती. दोन्ही चपला टेकल्या. “टेकले?” मागून आवाज आला. “टेकले.” फाटक उघडेपर्यंत दोघं तशीच बसून.

रांगेत उभं राहून साडेनऊला चिठ्ठी मिळाली. अकराव्या नंबरला डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. उजवा टिकवता येईल, म्हणाले. त्यात सुई दिली, पट्टी बांधली. डाव्याचं त्यांनी चष्मा काढून सांगितलं: त्या दोन तारखांत जे गेलं ते गेलं, आता तिथे सुया टोचून उपयोग नाही.

“आम्ही आज वेळेत आलो होतो,” मावशी म्हणाली.

“हो,” डॉक्टर म्हणाले. “आज आलात.”

परत निघाले. गावाबाहेर रस्ता मोकळा झाला तरी मावशीने गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. आधी चुकून, मग मुद्दाम. ‘रडवू नकोस तिला’ असं ते कधी म्हणतात, याची ती वाट बघत राहिली. फाटक गेलं, पुलावर चढ लागला. ते नशिबाने मिळालेलं इंजिन त्या दोघांच्या पायांखाली ओरडत होतं. काकांचा हात तिच्या खांद्यावर होता, कपाळ तिच्या पाठीला टेकलेलं. ते काहीच बोलले नाहीत.

पूल संपल्यावर तिनेच तिसरा टाकला.